कांड्याच्या गळ्यातला शंकू

चंद्राबाईची तिरडी शहापूरच्या गल्लीतून निघाली तेव्हा घरचा कुत्रा कांड्या मागोमाग धावला. कोपऱ्यावर एका टांग्याचे चाक त्याच्या मागच्या उजव्या पायावरून गेले. तिचा नवरा तम्मण्णा विस्तवाचे मडके घेऊन सर्वांत पुढे होता. मडके धरणाऱ्याने मागे बघायचे नसते. किंकाळी त्याने ऐकली, कोणाची ते ओळखले, आणि तो चालत राहिला.

हे १९३८ च्या भाद्रपदातले. चंद्राबाई विषमज्वराने गेली. तिच्या मागावर एक लुगडे अर्धे विणून झालेले होते.

माग खड्ड्याचा होता. जमिनीत कमरेइतका खोल खड्डा, त्याच्या काठावर विणणाऱ्याची बसकण, आणि खाली पायांनी दाबायच्या पावड्या. बसणाऱ्याच्या पोटाशी तुरई, म्हणजे विणलेले कापड ज्यावर गुंडाळत जाते तो लाकडी रूळ. बसकण आणि तुरई यांच्यामध्ये एक फट राहते. खड्ड्यात उतरायचे तर त्या फटीतूनच. कांड्या पिल्लू असल्यापासून तिथून उतरत असे. सुताच्या कांड्या पळवून खाली नेत असे, म्हणून त्याचे हे नाव. चंद्राबाई पावड्या मारायची आणि तो तिच्या पायांशी झोपायचा. पावडी खाली येताना अंग कसे चोरायचे हे त्याला झोपेतही कळत असे.

तो माग तिच्या वडिलांचा. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीला विणायला बसवले आणि भाच्याला जावई करून घेतले. भाचा म्हणजे तम्मण्णा. तो पुण्याला शिकला आणि बेळगावच्या कॉलेजात गणित शिकवू लागला. शहापूर सांगली संस्थानात, बेळगाव इंग्रजांकडे. तो रोज सकाळी एक राज्य सोडून दुसऱ्यात जाई आणि संध्याकाळी परत येई. बरोबरचे प्राध्यापक टिळकवाडीत बंगले बघत होते. तो मागाच्या आवाजात पेपर तपासत असे.

आता घरात तो, त्याची सासू नागुबाई आणि कुत्रा एवढेच उरले. नागुबाई नात्याने त्याची मामी. लहानपणी ती त्याला तम्म्या म्हणत असे. लग्नानंतर ती त्याला अहो-जाहो करू लागली. मुलगी गेल्यापासून तिच्या तोंडात दोन्ही येई, आणि कधी कोणते येईल याचा नेम नव्हता.

कांड्याचे हाड वाचले होते. कातडी मात्र घोट्यापासून वरपर्यंत सोलली होती. जखम भरू लागली की तो ती चाटून पुन्हा उघडी करी. पट्टी बांधली, ती त्याने दातांनी सोडली. त्याला खुंट्याला बांधले, तर गळफास बसेपर्यंत तो हिसडत राहिला. शेजारचा विणकर जोतिराम म्हणाला, "मुसकं घाला की, बैलाला घालत्यात तसलं."

तम्मण्णाने त्याला टांग्यात घालून बेळगावच्या गुरांच्या दवाखान्यात नेले. तिथले डॉक्टर मारुतीराव जखमेचा वास घेऊन मागे सरले.

"मुसक्यातनं जीभ भायेर येती, मास्तर. उपेग न्हाय. ह्येच्या गळ्यात काय तरी पसरट घाला, तोंड मागं पोचू नये असं. कॅम्पातल्या सायबाच्या कुत्र्याला मी बघिटलंय, बादलीचा बूड काढून घातलाता."

"आणि पोचलं तर?"

"तर आत हाडाला लागंल. मग पाय तोडून बी भागायचं न्हाय. गोळी." मारुतीरावांनी हात धुतले. "वाईट वाटून घेऊ नका. आदी सांगिटल्यालं बरं."

बादली जड होती. कांड्याची मान खाली जाऊ लागली आणि त्याने खाणे सोडले. तेव्हा तम्मण्णा कागद घेऊन बसला.

त्याने मापे घेतली: मानेचा घेर, मानेपासून नाकापर्यंतचे अंतर, मान पूर्ण वळवली की नाक नेमके कुठे येते. बादलीच्या जागी त्याला टोक कापलेला शंकू हवा होता. शंकूच्या दोन गोष्टी ठरवायच्या होत्या, बाजूची लांबी आणि पसरण्याचा कोन. लांबी वाढवली तर नाक झाकते, पण तोंड ताटलीला पोचत नाही. लांबी कमी करून कोन वाढवला तर ताटली मिळते, पण कडा दारांना अडकतात. एक बदलले की दुसऱ्याचा अर्थ बदलतो. लागणारा पुठ्ठा हे या दोन चलांचे फलन. ते कमीत कमी करायचे, म्हणजे वजन कमी. आणि दोन अटी पाळायच्या: नाक जखमेला लागता कामा नये, तोंड ताटलीला लागले पाहिजे.

कॉलेजात हा भाग शिकवताना तो मागाचे उदाहरण देत असे. दोन्ही पावड्या एकदम दाबू नका. एक धरून ठेवा, दुसरी हलवा, कापडात काय होते ते बघा. मग उलट करा. दोन्हींकडून काही बदलेनासे झाले की ती जागा तुमची. मुले हसायची. बहुतेकांनी माग पाहिलेला नसे. आणि ते उदाहरण त्याचे नव्हते, चंद्राबाईचे होते. लग्नानंतर पहिल्या वर्षी "तुमी त्या पोरांस्नी शिकिवता तरी काय?" असे तिने विचारले होते, त्याने सांगितले होते, आणि तिने पाय न थांबवता म्हटले होते, "मंग ह्ये तर मी बी करती."

उत्तर आले. त्या मापाने त्याने जुन्या कागदाचे थर एकावर एक चिकटवले आणि ताठ होण्यासाठी त्यांना खळ लावली. खळ घरातच होती; ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या ताणलेल्या सुताला लावायची, चंद्राबाईने घोटून ठेवलेली, मडक्यात तळाला उरलेली. शंकू वाळला. कांड्या बादलीला चावला होता, दोरीला चावला होता. शंकूला त्याने नाक लावले, बराच वेळ लावून ठेवले, आणि मग मान पुढे केली.

"वास लागला त्येला," नागुबाई म्हणाली आणि आत गेली.

शंकू चालला. नाक जखमेपासून चार बोटे अलीकडे थांबे. तोंड ताटलीत जाई. मान ताठ राहिली. मारुतीरावांनी कडेवर बोट फिरवून विचारले, "कुठं करून घेतला?" तम्मण्णाने दोन वाक्यांत रीत सांगितली. "कुत्र्याच्या गळ्याला एवढं गणित?" ते म्हणाले, आणि त्यांनी हसू आवरले, कारण मास्तर हसत नव्हते.

चूक त्याच संध्याकाळी कळली.

चंद्राबाई सकाळचे काम झाल्यावर आणि पुन्हा दिवेलागणीआधी मागावर बसायची. कांड्या अजूनही त्या वेळांना खड्ड्यात उतरत होता. पाय सोलला तेव्हाही उतरत होता. शंकू घालून तो फटीशी गेला, त्याने मान खाली घातली आणि कडा एकीकडे बसकणीला, दुसरीकडे तुरईला अडली. तो मागे आला, पुन्हा गेला. मग काठावर उभा राहून खाली बघत राहिला. तो भुंकला नाही. घशातून एक बारीक आवाज काढत राहिला, आणि तो दिवे लागले तरी थांबला नाही.

तम्मण्णाने कागदावर कुत्रा सपाट जमिनीवर उभा केला होता. ज्या घरात तो स्वतः इतकी वर्षे राहिला, त्याच्या मध्यभागी कमरेइतका खड्डा होता, आणि तो त्याने धरलाच नव्हता.

दोन दिवस त्याने तो आवाज ऐकला. तिसऱ्या दिवशी त्याने शंकू काढला. कांड्या तीन पायांवर लंगडत फटीतून उतरला आणि खाली पावड्यांपाशी मुटकुळे करून पडला. तम्मण्णा वर बसून राहिला. थोड्या वेळाने खालून जिभेचा आवाज येऊ लागला, सावकाश, एकसारखा. त्याला वर काढले तेव्हा दोन दिवसांत धरलेली कोवळी कातडी गेली होती आणि आत पांढरे दिसत होते.

"आता येकदा हाडाला लागलं," मारुतीराव म्हणाले, "की मग माझ्याकडं आणू नका. मला त्ये करायला लावू नका."

तो पुन्हा कागदाकडे गेला. आता तिसरी अट घातली: शंकूची कड फटीतून गेली पाहिजे. वर्तुळाने होईना, म्हणून लांबट केला. दोन चलांची तीन झाली. लांबट शंकू फटीतून गेला असता, पण कुत्र्याच्या मानेभोवती तो फिरतो, आणि फिरला की अरुंद बाजू जखमेकडे येते. परत वर्तुळावर आला. पहिल्या दोन अटींना चालणारा लहानात लहान शंकूही फटीपेक्षा मोठा होता. तिन्ही अटी एकदम पाळणारी जागा नव्हती. त्याने दुसऱ्या रीतीने ताडून बघितले. नव्हती.

नागुबाई चुलीशी बसून बघत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिला कागद दिसत नव्हते, त्याचा हात थांबलेला दिसत होता.

"काय म्हंतोय कागद?"

"न्हाय म्हंतोय."

"तुमचा कागद बी न्हाय म्हंतोय? लई शिकलासा म्हनं." तिने चुलीत फुंकर घातली. "शंकू ल्हान हुईत नसंल तर फट मोठी करा. त्यात काय!"

तम्मण्णाने कागद बाजूला सारले.

"काय झालं? बोला की."

"मामी, फट मोठी करायची तर तुरई काढाय लागती."

चुलीतले लाकूड तिने आत सारले. मग बाहेर ओढले.

तुरईवर लुगडे होते. शहापुरात त्यांच्या गल्लीत एक रीत होती: ज्याने ताणा जोडला, त्याचे लुगडे मागावरून उतरेपर्यंत बसकण त्याची. मधेच कोणी त्या जागी बसत नसे, आणि चढवलेला ताणा कापत नसत. माणूस आजारी पडला, परगावी गेला, तरी जागा राही. चंद्राबाई गेल्यावर बायका भेटायला आल्या तेव्हा नागुबाईने एकीलाही बसकणीजवळ बसू दिले नव्हते. लुगडे मागावर होते, म्हणून जागा तिच्या लेकीची होती. तम्मण्णाही त्या जागेला वळसा घालून चालत असे. यावर दोघे कधी बोलले नव्हते.

"कुत्र्यासाठी?" नागुबाई म्हणाली.

"तिच्या कुत्र्यासाठी."

"लुगडं बी तिचंच हाय की रं." ती 'रं' म्हणाली हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. "कापायचं न्हाय. कुणी तरी पुरं करू दे. पुरं झालं की उतरू दे. तवर त्येला धरून ठेव."

पुरे करणारे घरात कोणी नव्हते. तिला दिसत नव्हते, त्याचे हात लहानपणीच मागावरून उठले होते. शेवटी जोतिरामला बोलावले. तो पाय धुऊन आला, बसकणीला हात लावून त्याने तो कपाळाला लावला, आणि बसला. त्याने ताण्यावरून तळवा फिरवला.

"चिकाटलाय वो. खळीचा ताना आन् ही दमट हवा. सूत सुटं हुईना." त्याने ओठ दाबले. "गुंडाळून बाजूला ठिवायचा म्हनला तरी निम्मं धागं तुटत्याल. बघतो."

त्याने पावडी दाबली.

पुन्हा शंकू घातलेला कांड्या ओसरीवर पडला होता. खटका ऐकताच तो उठला. दुखऱ्या पायावर त्याने पूर्ण भार दिला आणि तो पळत आत आला. शंकू दाराच्या चौकटीवर आपटला, चेपला, पण तो थांबला नाही. त्याची शेपटी सगळे अंग घेऊन हलत होती. चंद्राबाई कॅम्पातल्या बाजारातून आली की तो असा येत असे. फटीशी येऊन त्याने चेपलेला शंकू आत कोंबला, कड फाटली, आणि तो जोतिरामच्या मांडीवरून खाली कोसळला.

पावड्यांवर पुरुषाचे पाय होते.

त्याने ते हुंगले. एक, मग दुसरा. जोतिराम हलला नाही. आडवे सूत ओवायचा धोटा त्याने हातात तसाच धरून ठेवला. मग कांड्या कोपऱ्यात सरकला, भिंतीकडे तोंड करून बसला, आणि फाटलेल्या कडेतून पाय चाटू लागला.

त्याला वर काढायला दोघे लागले. जखमेतून रक्त जमिनीवर पडत होते, पण हाडाला लागले नव्हते. जोतिराम धोतराने हात पुसत म्हणाला, "माझ्यानं हुनार न्हाय, मास्तर. परत्येक खटक्याला ह्यो असाच येनार." तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. "मलाच बघवंना वो."

त्यानंतर तम्मण्णाने दुसरा शंकू केला. मडके खरवडून राहिलेली खळ त्याला पुरली. नागुबाई भिंतीला टेकून बसली होती.

"मामी."

"ऐकतीया."

"कापू?"

ती उठली. भिंतीला हात लावत ओसरीपर्यंत गेली आणि गल्लीकडे तोंड करून पायरीवर बसली. "काप. पन आवाज येऊ दिऊ नको." ती तिथूनच म्हणाली. "ताना तुटताना आवाज हुतो. मला ठावं हाय त्यो."

ताठ ताणा कापला की धागे तंबोऱ्याच्या तारेसारखे बोलतात. तम्मण्णाने आधी मागची दोरी सोडली. ताणा सैल पडला, मागच्या भिंतीपासून तुरईपर्यंत झोळीसारखा लोंबला. मग त्याने कात्री लावली. धागे चिकटलेले होते म्हणून झुपक्या-झुपक्यांनी कापले गेले. आवाज झाला नाही. पायरीवर नागुबाईने दोन्ही कानांवर हात ठेवलेच होते.

विणलेले लुगडे त्याने तुरईवरून उलगडले. हिरवे अंग, तांबडा काठ. पदरापर्यंत ते पोचलेच नव्हते. शेवटच्या चार बोटांत वीण थोडी सैल होती. ताप आल्यावरही ती बसली होती हे त्याला तेव्हा कळले. त्याने घडी केली आणि नागुबाईच्या मांडीवर ठेवली. तिने बोटांनी चाचपत सैल जागा शोधली आणि तिच्यावर अंगठा ठेवला.

तुरई काढली. फट आता चांगली रुंद झाली होती. शंकूच्या दोन्ही बाजूंना जागा राहत होती. मापाने सांगितले होते तसेच.

दिवेलागणीआधी कांड्या आला. शंकू न अडकता तो खाली उतरला. तम्मण्णा काठाशी बसून बघत होता. कांड्याने डावी पावडी हुंगली, उजवी हुंगली. तो मधल्या जागेत उभा राहिला, जिथे तिचे पाय असत. मग त्याने मान वर केली. वर ताणा नव्हता, कापड नव्हते. घराचे आढे दिसत होते. त्याने काही वेळ वर बघितले. मग तो वर चढून आला, खोली ओलांडून ओसरीवर गेला आणि पायरीखाली पडून राहिला.

दुसऱ्या सकाळी तो खड्ड्याकडे गेला नाही. त्या संध्याकाळीही नाही.

जखम भरली. दिवाळीपर्यंत तिच्यावर काळी, गुळगुळीत कातडी आली. मारुतीरावांनी पाय दोन्ही हातांत धरून दाबून बघितला आणि खूश होऊन म्हणाले, "जिकलासा की वो, मास्तर!" शंकू काढला. कांड्या पूर्वीसारखा खाऊ लागला, थोडा लंगडत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागला. रात्री तो पायरीखाली झोपे. आत हाक मारली तर येई, ताटलीपाशी थांबे, आणि परत जाई. मागाच्या खोलीच्या उंबऱ्याशी तो वाट बदलत असे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर तम्मण्णाने पायांतल्या वहाणा काढल्या आणि तो बसकणीवर बसला. लुगडे उतरले होते. आता जागा कोणाचीच नव्हती. त्याने पाय खाली सोडले. पावड्या गार होत्या, आणि तिच्या टाचांनी झिजलेली जागा त्याच्या पायांना लहान होती. त्याने एक पावडी धरून ठेवली आणि दुसरी दाबली. खटका झाला. वर काहीच जोडलेले नव्हते.

ओसरीवर कांड्याने मान उचलली. दाराच्या चौकटीतून तो आत बघत होता.

"कांड्या," तम्मण्णा म्हणाला. "ये रं."

त्याने पुन्हा पावडी दाबली. कांड्याचे कान पुढे झाले, क्षणभर तसेच राहिले. मग त्याने हनुवटी पायरीवर ठेवली.

तम्मण्णा पावडी दाबत राहिला. नागुबाई भिंत चाचपत आली आणि खड्ड्याच्या काठाशी थांबली.

"त्यो येत न्हाय आता. त्येला उतरून बघायचं हुतं. बघिटलं त्येनं."

खटका थांबला. बाहेर गल्लीत जोतिरामचा माग चालू होता.

"तुमी बी वर या, तम्मण्णा," ती म्हणाली. "पाय गार पडत्याल."